गणन-अक्षमता व गणितशिक्षण

गणन-अक्षमता : सर्वसाधारण बुद्धिमत्ता, दृष्टी व श्रवणशक्ती यांत उणीव नसताना आणि शिक्षणाची पुरेशी संधी मिळूनही संख्या, राशी व गणनक्रिया यांच्या आकलनात जी दीर्घकाळ टिकणारी अडचण येते, तीस गणन-अक्षमता किंवा डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. हा अध्ययन-अक्षमतेचा एक प्रकार होय. अशा विद्यार्थ्यास लहानमोठ्या संख्या चटकन ओळखता येत नाहीत व पाठ केलेले पाढे स्मरणात राहत नाहीत. तथापि तुलना करणे, आकृतिबंध ओळखणे, उत्तराचे कारण सांगणे ही गणिती विचाराची अंगे त्याच्या आवाक्याबाहेरची नसतात.

मेंदूच्या इजेमुळे गणनशक्ती लोप पावते, हे स्वीडिश मज्जातंतुवैद्य सालोमन हेन्शेन याने १९१९ च्या सुमारास दाखविले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क याने १९६३ मध्ये ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली. चेकोस्लोव्हाक मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव्ह कोश्च याने १९७४ मध्ये विकासात्मक गणन-अक्षमतेची व्याख्या करून तिचे सहा प्रकार वर्णिले.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत गणिताचा भर पाठांतरावर असे. पाढ्यांच्या जोडीस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची घोकंपट्टी चाले. व्यापारी हिशेबास ती उपयुक्त होती. परंतु ज्याचे स्मरण साथ देत नसे, तो ‘ढ’ ठरे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने औरंगाबादच्या माध्यमिक शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. तेथील मराठी मुलास घरच्या ‘एकोणसाठ’बरोबर शाळेतील ‘उनसठ’ही आत्मसात करावे लागे. ५९ ही संख्या दोन्ही भाषांत साठातून एक वजा करूनच बोलली जाते.

पाठांतराऐवजी वस्तूंच्या हाताळणीतून संख्या शिकविण्याची पद्धती मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी प्रसृत केली. मतिमंद मुलांसाठी त्यांनी प्रथम योजिलेली साधने व पद्धती १९०७ पासून रोममधील बालगृहात सर्वसामान्य मुलांनाही लाभदायक ठरल्या. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे या विचारास ग्रामीण रूप दिले व महागड्या साधनांऐवजी परिसरातील खडे, शिंपले, बिया यांचा उपयोग केला.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना सवलती मंजूर केल्या. त्यांनुसार शालान्त परीक्षेत बीजगणित व भूमिती यांऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित व कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा मिळाली. दिव्यांग व्यक्तींसंबंधीच्या १९९५ च्या केंद्रीय कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा अंतर्भाव नव्हता. २०१६ च्या कायद्याने तो केला व गणन-अक्षमतेचा नामनिर्देशही केला. राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) विभागात छत्रपती संभाजीनगरसह जालना, बीड, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. सवलतीसाठी तज्ज्ञांकडून तपासणी व प्रमाणपत्र आवश्यक असते आणि खेड्यातील पालकांना ते मिळविणे शहरातील पालकांइतके सुलभ नसते.

मराठी संख्यावाचनाची अडचण याहून व्यापक आहे. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र सहा आधी येतो. त्यामुळे मूल ३६ लिहून जाते. ही चूक सर्वच मुलांकडून होते व ती स्वतः अक्षमतेचे लक्षण नव्हे. परंतु गणन-अक्षम मुलास ती अधिक काळ छळते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात रूढ नावांबरोबर ‘साठ तीन’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा मोठा वाद झाला. भाषेची हानी होईल, असा विरोधकांचा आक्षेप होता. तर जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुले गणितास भितात, अशी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांची भूमिका होती.

सवलतीमुळे विद्यार्थी परीक्षेत अडत नाही, पण त्यामुळे त्याला गणित येत नाही. दहा-दहा काड्यांच्या जुड्या, मग त्यांचे चित्र व अखेरीस अंक, या क्रमाने शिकविल्यास दशक-एककाची कल्पना पक्की होते. उत्तरास पुरेसा वेळ देणे, अंदाज बांधावयास लावणे व रीत तोंडी सांगू देणे, हेही तितकेच आवश्यक असते. यास खर्च अल्प लागतो; शिक्षकाचा वेळ व प्रशिक्षण मात्र लागते. सवलत हा अशा अध्यापनाचा पर्याय ठरल्यास, गणिती विचार करू शकणारे मूलही त्यास कायमचे मुकते.