बहात्तरचा दुष्काळ अन् सागाची पानगळ

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेनं पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. १९८७ चा भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल लँडसॅटच्याच चित्रांवरून झाला. १९८८ ला आपला आयआरएस-१ए गेला. २००० पासून मोडिस जंगलाचा हिरवेपणा मोजतो.

आमच्या यवतमाळकडचा साग उन्हाळ्यात पानं टाकतोच. एप्रिलचं उघडं रान म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. पण पाऊस लवकर गेला, ओल तुटली, की पानगळ आधी होते. म्हणून यंदाचा नोव्हेंबर मागच्या नोव्हेंबरांशीच ताडायचा.

दिवाळीलाच साग पिवळा दिसला, तर वडील गहू सोडून हरभरा पेरायचे. लिहून मात्र काही ठेवलं नाही. मी आता पानगळीची तारीख वहीत लिहितो. तुमच्याकडे कधी सुरू झाली, सांगा.