मोहरीच्या वेशातला पिवळा धोत्रा

१८७७ साली कलकत्त्यात एका अनोळखी रोगाची साथ पसरली. आधी पाय सुजत, मग धाप लागे आणि काही रुग्णांचे हृदय निकामी होऊन मृत्यू ओढवे. पुढे बंगालात ही साथ पुन्हापुन्हा उद्भवत राहिली. तिला ‘साथीचा जलशोथ’ असे नाव मिळाले. कारण मात्र सापडेना. बेरीबेरीशी असलेल्या साम्यामुळे संशय दीर्घकाळ तांदळावर राहिला.

खरा अपराधी मोहरीच्या तेलात दडला होता. १९२६ मध्ये सरकार यांनी पिवळ्या धोत्र्याच्या तेलाकडे लक्ष वेधले. १९३७ मध्ये लाल आणि रॉय यांच्या संशोधनाने तो संबंध दृढ झाला. १९४८ मध्ये या तेलातून सँग्विनारिन हे विषारी अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. या विषामुळे केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तातील द्रव ऊतींमध्ये साचतो आणि अंगावर सूज येते.

पिवळा धोत्रा, म्हणजेच आर्जेमोन मेक्सिकाना, हे अमेरिका खंडातून भारतात आलेले तण. नाव धोत्र्याचे, बी मोहरीसारखे, कूळ मात्र अफूचे! उभे झुडूप ओळखणे सोपे असते: काटेरी निळसर पाने, त्यांवर पांढऱ्या शिरा, देठ मोडताच पिवळा चीक आणि काटेरी बोंड. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या व सहा पुंकेसर असतात. याच्या फुलात पाकळ्या चार ते सहा आणि पुंकेसर पुष्कळ.

फसगत होते ती बियांच्या ढिगात. धोत्र्याचे बी काळपट व खरखरीत असते आणि फोडल्यास आत पांढरे दिसते. मोहरी गुळगुळीत असते आणि आत पिवळी. एकदा घाण्यातून तेल निघाले की डोळ्यांना हा भेद कळत नाही. तेव्हा प्रयोगशाळेतील चाचणीच कामी येते.

हे सारे ज्ञान हाती असतानाही १९९८ मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे साठांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तणाची ओळख पुस्तकांत पक्की झाली होती. बाजारात आणि घाण्यावर ती तपासली गेली नाही. वनस्पतीची अचूक ओळख ही केवळ वर्गीकरणाची हौस नव्हे. ती सार्वजनिक आरोग्याची पहिली पायरी आहे.