तीन बंदुकांचा शिक्का आणि पोत्यातली रद्दी

मंडळी, आज राजकारण नाही. नगरपालिकेचे खड्डे पण नाहीत. आज रद्दीबद्दल लिहितोय. पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या बाजारपेठेतलं एक जुनं सायकलचं आणि खेळाच्या सामानाचं दुकान बंद झालं. मालकांच्या मुलाचा फोन आला, "दादा, वडिलांचे कागद बघायचे होते ना तुम्हाला? लवकर या." मी पोचलो तर तीन पोती रद्दीवाल्याकडे रवाना. तसाच गाडी घेऊन पळालो. तोवर दोन पोती ट्रकमध्ये चढून गेलेली. तिसऱ्यात हात घातला आणि एक चार पानी माहितीपत्रक सापडलं. बीएसए कंपनीची एअर रायफल. आपल्या भाषेत छर्ऱ्याची बंदूक.

जवळच्या लोकांना माहीत आहे, गेली बारा वर्षं मी एअर रायफलचे जुने कॅटलॉग आणि जाहिराती जमवतो. घरात बंदूक एकही नाही, फक्त कागद. बायको म्हणते, बंदूक परवडली असती, ती निदान एका कोपऱ्यात राहते.

आता तुम्ही म्हणाल, बीएसए तर सायकल! बरोबर. पण जुन्या विलायती बीएसए सायकलच्या पुढच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात, त्या उगाच नाहीत. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी ही कंपनी काढली. सैन्याला रायफली पुरवणं हा मूळ धंदा. पण युद्ध संपलं की ऑर्डर आटते, आणि यंत्रं नि कामगार रिकामे बसवता येत नाहीत. म्हणून सायकली, पुढे मोटारसायकली. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं. १९०४ मध्ये लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच बंदूकवाल्याने एअर रायफलचं पेटंट घेतलं आणि १९०५ पासून बीएसए ती बनवू लागली. तेव्हा इंग्लंडात पबमधून नेमबाजीचे सामने चालायचे. पत्र्याच्या मधल्या बारीक भोकातून छर्रा गेला की मागची घंटी वाजायची. कंपनीला गिऱ्हाईक तिथेच मिळालं.

अमेरिकेतली गोष्ट तर अजून गमतीची. मिशिगनमधल्या प्लिमथ गावात एक कंपनी शेतावरच्या पवनचक्क्या बनवायची. १८८८ च्या सुमाराला तिने पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला सोबत छर्ऱ्याची बंदूक द्यायला सुरुवात केली. लोकांना बंदूकच जास्त आवडली! १८९५ मध्ये कंपनीने पवनचक्कीचं नाव टाकून बंदुकीचंच घेतलं : डेझी. पुढे रेड रायडर या कॉमिकच्या नायकाच्या नावाने बंदूक आली आणि कॉमिकच्या पानांवर तिच्या जाहिराती झळकल्या. मुलाने जाहिरात बघायची, हट्ट धरायचा आणि बापाने पैसे मोजायचे. आजच्या मोबाईल गेमचा मार्ग वेगळा आहे का?

माझ्या आवडीचा शिक्का जर्मन डायनाचा. रास्टाट गावातली १८९० ची कंपनी. चित्रात शिकारीची देवी डायना धनुष्यबाण टाकून देते आणि हातात एअर रायफल उंच धरते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी या कारखान्याची यंत्रं नेली आणि नावही नेलं. स्कॉटलंडमध्ये मिलब्रो कंपनी 'डायना' विकू लागली. १९५० मध्ये मूळ जर्मन कारखाना पुन्हा सुरू झाला, पण ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून त्याला 'ओरिजिनल' या नावाने माल विकावा लागला. हरलेल्या देशाची गोष्ट दोन कॅटलॉग शेजारी ठेवले की समोर येते.

या कागदांवर बहुतेक वेळा साल नसतं. ते काढावं लागतं, आणि खरी मजा तीच. किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर १९७१ च्या आधीचा कागद. 'पश्चिम जर्मनीत बनवलेली' असं असेल तर १९४९ ते १९९०. छर्ऱ्याची ताकद बारा फूट-पाउंडाच्या आत ठेवल्याचा उल्लेख असेल तर बहुधा १९६९ नंतरचा, कारण त्या वर्षीच्या नियमांनी इंग्लंडात ती मर्यादा आली. म्हणजे साधारण सोळा ज्यूल. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत वीस ज्यूलची रेघ आहे, त्याच्या वर परवाना लागतो.

आता जरा अवघड भाग. या जाहिरातींत बाप-लेक हसतात, मुलगा नेम धरतो आणि निशाणा म्हणून उंदीर, ससे, पक्षी बिनदिक्कत छापलेले असतात. मी सातवीत असताना मामाच्या गावी शेजारच्या दादाच्या बंदुकीने एक साळुंकी पाडली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होता, पण आमच्यापर्यंत तो कुठे आला होता? आजीने त्या रात्री मला जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. पुढे बातमीदारीत छर्ऱ्याने डोळा गेलेल्या एका पोराच्या घरीही जाऊन आलो. माझ्याकडच्या एकाही जाहिरातीत ती साळुंकी नाही आणि तो डोळाही नाही.

म्हणूनच हे कागद मला जपावेसे वाटतात. आपण काय बिनधास्त विकत होतो आणि मुलांच्या हातात काय देत होतो, हे लोक सोयीने विसरतात. छापलेला कागद विसरत नाही. बीएसएच्या कारखान्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडले, ५३ कामगार गेले. १९७३ मध्ये तो मोठा उद्योगसमूहही कोसळला. पण त्यांच्या मालाचं एक पान आपल्या गावच्या पोत्यात टिकून होतं.

आणि उरलेल्या दोन पोत्यांत काय होतं? त्या दुकानाच्या उधारीच्या वह्या असतील, पहिल्या सायकली कोणी घेतल्या त्यांची नावं असतील. आपल्या बाजारपेठेचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास तो. एका दुपारचा उशीर झाला आणि त्याचा लगदा झाला.

एकच विनंती. दुकान आवरताना, माळा साफ करताना जुनी बिलं, कॅलेंडरं, माहितीपत्रकं दिसली तर रद्दीवाल्याच्या आधी मला फोन करा. ठेवून घ्यायचे नसतील तर निदान फोटो काढू द्या. चहा माझ्याकडून.

तुमच्या घरी असलं काही आहे का? कमेंटमध्ये सांगा.