सराफ : मुसलमान घरांतील एक विरळ आडनाव

ग्वाल्हेरच्या लष्करातील सराफा बाजार सर्वांना ठाऊक आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तेथे छावणी स्थिर केली. 'लष्कर' शब्द फारसी, 'सराफा' अरबी मुळाचा. मराठी दरबारात दोन्ही घरचे झाले.

अरबी 'सर्फ' म्हणजे पालटणे. नाणे पालटून देणारा तो सर्राफ. शब्दांची रूपे कशी पालटतात हे सांगणाऱ्या अरबी व्याकरणशाखेचे नावही 'सर्फ'च. इस्लामी विधिशास्त्रात सर्फ हा स्वतंत्र करार आहे: सोन्याला सोने समान वजनाने द्यावे, सोन्याला चांदी दिल्यास वजन वेगळे चालेल, पण व्यवहार त्याच बैठकीत, हातोहात. असे काटेकोर कलम आम्हा वकिलांनाही क्वचितच साधते! 'आईन-ए-अकबरी'त टांकसाळीचा 'सैरफी' नाण्यांचा कस ठरवतो.

तरीही मराठी मुलखात सराफ म्हटले की बहुधा हिंदू घर डोळ्यांपुढे येते. पारशांत त्याचे श्रॉफ झाले. मुसलमानांत हे आडनाव विरळाच. पेढ्या बहुतांशी हिंदू-जैनांच्या हाती होत्या, आणि आडनाव शब्दाच्या उगमामागे न जाता धंद्यामागे गेले.

म्हणून सीमाभागात एखाद्या मुसलमानाचे आडनाव पाहून कारकून परस्पर 'मातृभाषा उर्दू' लिहितो, त्यास आमची हरकत आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' फारसीच. त्यांना कोणी मराठीचा पुरावा मागत नाही. जनगणनेत मातृभाषा सांगणाऱ्याने सांगितली तशीच नोंदवायची असते.