हृद्रोग आणि जंतु : एका संशयाचा इतिहास

मनुष्याच्या शरीरांत शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या रोहिण्या बाळपणीं मऊ व लवचिक असतात. वय वाढतें तसतसे त्यांच्या आंतल्या अस्तराखालीं मेदाचे थर सांचूं लागतात, रक्ताचा मार्ग अरुंद होतो, आणि एखाद्या दिवशीं तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी हृदयाच्या रोहिणींत असली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूच्या रोहिणींत असली तर अर्धांगवायु होतो. हृदय व रोहिण्या यांच्या विकारांनीं जगांत जितकीं माणसें दगावतात, तितकीं दुसऱ्या कोणत्याहि रोगवर्गानें दगावत नाहींत. अशा रोगाचें मूळ एखाद्या जंतूंत सांपडलें, तर औषधाच्या चार गोळ्यांनीं त्याचें निर्मूलन करतां येईल, ही आशा वैद्यकशास्त्रास शंभर वर्षांहून अधिक काळ खुणावीत आली. ती आशा कशी उपजली, कशी वाढली आणि अखेर कोणत्या कसोटीवर उतरली नाहीं, याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

या विकाराविषयींचा पहिला मोठा वाद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. व्हिएन्ना येथील कार्ल रोकिटान्स्की यांचें मत असें कीं, रक्तांतील द्रव्यें रोहिणीच्या भिंतीवर बसून हा थर बनतो. उलट, रुडॉल्फ फिर्खो यांनीं १८५६ सालीं प्रतिपादन केलें कीं, हें नुसतें सांचणें नव्हे. भिंतीलाच इजा पोहोंचून तेथें दाह उत्पन्न होतो, आणि थर हा त्या दाहाचा परिणाम होय. दाह आहे म्हटल्यावर तो पेटविणारा कोण, हा प्रश्न ओघानेंच आला.

त्या प्रश्नास काळहि अनुकूल होता. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखवून दिला आणि पुढें एकामागून एक रोगांचे जंतु हातीं लागले. १८८९ सालीं झिल्बेर व लिआँ या फ्रेंच संशोधकांनीं सशांना रोगजंतूंची लागण करून त्यांच्या रोहिण्यांत बिघाड घडवून आणला. १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन यांनीं उपदंशाचा जंतु शोधला. हा जंतु महारोहिणीची भिंत आंतून दुबळी करतो, हें शवविच्छेदनांत दिसत असे. उपदंशाचा हा विकार आणि मेदाच्या थरांचा विकार एक नव्हेत. तरी जंतु रोहिणीस बाधा करूं शकतो, एवढें निर्विवाद ठरलें. १९०८ सालीं सर विल्यम ऑस्लर यांनीं रोहिण्या कठीण होण्याचीं कारणें सांगतांना आयुष्यांतील झीज, विषारी द्रव्यें व रक्ताचा वाढलेला दाब यांच्या पंक्तीस तीव्र सांसर्गिक रोगांनाहि बसविलें.

पण १९१३ सालीं विचाराचा ओघ निराळ्या दिशेनें वळला. सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह व त्यांचे सहकारी खालातोव्ह यांनीं सशांना तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, आणि त्या मुक्या प्राण्यांच्या रोहिण्या मेदाच्या थरांनीं भरल्या. जंतूंची जरूरच पडली नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रामिंगहॅम या गांवीं हजारों नागरिकांची दीर्घकाळ पाहणी सुरू झाली. तिनें कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान व मधुमेह यांचा दोष उघड केला. जंतूंचा प्रश्न मागें पडला. तरी एक शल्य राहिलें : यांपैकीं एकहि दोष ज्यांच्या अंगीं ठळकपणें दिसत नाहीं, अशा माणसांनाहि कधीं कधीं झटका येतो.

हा जुना संशय पुन्हां जागा झाला तो एका अगदीं क्षुद्र जंतूमुळें. १९६५ सालीं तैवानांतील एका मुलाच्या डोळ्यांतून तो प्रथम मिळाला. १९८३ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें एका विद्यार्थ्याच्या घशांत त्याचाच भाऊबंद सांपडला. आणि १९८९ सालीं क्लॅमिडिया न्यूमोनिए असें त्याचें नामकरण झालें. खोकला, घसादुखी व न्यूमोनिया हे त्याचे उद्योग. हा जंतु पेशींच्या बाहेर वाढत नाहीं. पेशींत घर करूनच राहतो. फिनलंडांतील पेक्का साइक्कु व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं आपली पाहणी प्रसिद्ध केली. शरीरानें एखाद्या जंतूशीं झुंज दिल्याची खूण म्हणून रक्तांत प्रतिपिंडें राहतात. या जंतूविरुद्धचीं प्रतिपिंडें हृदयविकाराचा झटका आलेल्या ४० रुग्णांपैकीं २७ जणांत वाढलेलीं आढळलीं. निरोगी अशा ४१ जणांत मात्र केवळ ७ जणांत. १९९२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील संशोधकांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं हृदयाच्या रोहिणींतील थरांतच हा जंतु पाहिला. १९८९ सालीं फिनलंडांतच दुसऱ्या एका पाहणींत झटका आलेल्यांचे दांत व हिरड्या इतरांपेक्षां अधिक किडलेल्या निघाल्या होत्या. पुढें हिरड्यांतील जंतूंच्या खुणाहि रोहिण्यांच्या थरांत मिळाल्या.

याच सुमारास ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं जठरव्रणाचें मूळ काळजींत व तिखटांत नसून एका जंतूंत आहे, हें सिद्ध केलें होतें. मार्शल यांनीं १९८४ सालीं तो जंतु स्वतः पिऊन पाहिला होता. ज्या रोगास जन्माचें दुखणें समजत, तो थोड्या दिवसांच्या औषधानें बरा होऊं लागला. मग हृद्रोगाचेंहि तसेंच कां न व्हावें?

परंतु स्थळीं सांपडला म्हणून कोणी अपराधी ठरत नाहीं. या जंतूची लागण इतकी सर्वसाधारण आहे कीं, प्रौढ माणसांपैकीं निम्म्यांहून अधिकांच्या रक्तांत तिची खूण मिळते. दारिद्र्य व धूम्रपान हीं दोन्ही छातीचे संसर्गहि वाढवितात आणि हृद्रोगहि. तेव्हां दोघांची सोबत कार्यकारणाची कीं योगायोगाची, हें नुसत्या मोजणीनें कळत नाहीं. शिवाय रक्तांतील भक्षक पेशी जंतु गिळून हिंडतात आणि दाहाच्या जागीं जमतात. म्हणजे जंतूनें थर बनविला नसून थराकडे धांवलेल्या पेशींनींच त्याला तेथें आणून सोडलें, असेंहि संभवतें.

निकाल लागणार तो प्रयोगानेंच. १९९७ सालीं लंडन व अर्जेंटिना येथील दोन लहान प्रयोगांत प्रतिजैविक औषधें दिलेल्या हृद्रोग्यांस लाभ झाल्यासारखें दिसलें आणि सर्वत्र आशा पसरली. मग मोठे प्रयोग झाले. त्यांतील एकाचा निकाल २००५ सालीं प्रसिद्ध झाला. ४,०१२ रुग्णांपैकीं निम्म्यांस वर्षभर दर आठवड्यास अ‍ॅझिथ्रोमायसिन व निम्म्यांस त्यासारखीच दिसणारी पण निर्गुण गोळी देण्यांत आली. सुमारें चार वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हां औषध घेणाऱ्यांपैकीं ४४६ जणांवर, आणि न घेणाऱ्यांपैकीं ४४९ जणांवर, मृत्यु, झटका अथवा तत्सम आपत्ति ओढवली होती. तीन माणसांचा फरक! त्याच वर्षीं ४,१६२ रुग्णांवरील दुसरा प्रयोगहि निष्फळ ठरला. डेन्मार्कमध्यें ४,३७२ रुग्णांवर क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रयोग झाला होता. २००६ सालीं कळलें कीं, तेथें औषध घेणाऱ्यांतच हृदयविकाराचे मृत्यु अधिक झाले.

तेव्हां हृद्रोगावर प्रतिजैविक हा उपाय नव्हे, हें ठरलें. पण फिर्खो यांचा मूळ विचार मात्र मेला नाहीं. २०१७ सालीं दहा हजारांहून अधिक रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांत कोलेस्टेरॉलला हात न लावतां केवळ दाह कमी करणारें औषध टोंचलें, आणि पुढील झटके कमी झाले. तथापि तें घेणाऱ्यांत प्राणघातक संसर्गहि वाढले. दाह हा शरीराचा शत्रु तसाच पहारेकरीहि आहे. ब्रिटनमधील २००४ सालच्या अभ्यासानें आणखी एक गोष्ट दाखविली : छातीच्या तीव्र संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव जवळजवळ पांचपट होतो. म्हणजे जंतु हा थर रचणारा गवंडी नसेलहि; परंतु आधींच तडा गेलेल्या भिंतीस अखेरचा धक्का देण्याचें काम संसर्ग करूं शकतो.

म्हणून हृद्रोगी वृद्धास फ्लूची लस देणें शहाणपणाचें ठरतें. हिरड्यांची निगाहि राखावयाचीच. मात्र दांत घांसल्यानें झटका टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तंबाखू सोडणें, रक्तदाब आवरणें आणि कोलेस्टेरॉल उतरविणें हे जुने, नीरस उपायच आजहि अधिक भरंवशाचे आहेत. औषधाच्या चार गोळ्यांचें स्वप्न सुंदर होतें. तें खरें कीं खोटें हें कळावें म्हणून हजारों रुग्णांनीं आपल्या हातीं औषध आहे कीं निर्गुण गोळी, हें ठाऊक नसतां ती निमूटपणें घेतली. त्यांना स्वतःला लाभ झाला नाहीं; पण त्यांच्यामुळें पुढच्या लाखों हृद्रोग्यांस निरुपयोगी, प्रसंगीं घातक, औषध घ्यावें लागलें नाहीं.