पंगत आणि फ्रेंचांचे मेज



माझा एक जुना विद्यार्थी पॅरिसला निघण्यापूर्वी निरोप घ्यावयास आला. जाताना भीत भीत म्हणाला, "गुरुजी, तेथे काट्याचमच्याने नीट जेवता आले नाही, तर लोक मला रानटी म्हणतील काय?" मी ओशाळलो. 'गोऱ्या लोकांचे जेवण पाहा, बोटाला खरकटे लागत नाही,' असे वर्गात मीच म्हणत असे. त्या चुकीची दुरुस्ती आज इतिहासाच्या आधारे करू इच्छितो.

टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्यास गेला. त्याने दिलेल्या वाटेवर औरंगाबाद, अंबड, आष्टी व नांदेड ही गावे आहेत. पैकी परतूर तालुक्यातील आष्टी १९८१ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. म्हणजे हा पाहुणा आपल्या अंगणातूनच गेला म्हणावयाचा! १६७६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ग्रंथात तो लिहितो की, येथे लहानशा खेड्यातही तांदूळ, पीठ, लोणी, दूध, भाजीपाला व मिठाई विपुल मिळते. मेंढरू वा कोंबडी मात्र मुसलमान अंमलदार असलेल्या मोठ्या गावीच मिळावयाची; जेथे केवळ बनियांची वस्ती, तेथे ती मिळत नसे. मूग, तांदूळ व लोणी यांची खिचडी आणि तिच्यासोबतचे पातळ तूप यांचीही त्याने नोंद केली आहे.

आपल्या लोकांचे हाताने जेवणे पाहून त्याने नवल करावे, असे त्याच्या देशात तरी काय होते? त्याचा राजा चौदावा लुई काटा बाजूस सारून बोटांनीच जेवीत असे. त्या काळी तेथेही अनेक पदार्थ आपल्या ताटाप्रमाणे एकदमच मांडीत. एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन तऱ्हा फ्रान्सात रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. सारांश, ज्या रीतीचा आपण धाक घेतो, ती तेथेही फारशी जुनी नव्हे.

आजही फ्रेंच माणूस पाव सुरीने कापीत नाही, हाताने मोडतो व ताटाशेजारी मेजावरच ठेवतो. चीज येते ते गोडाच्या आधी. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. मग 'बॉन आपेती' म्हणतात. आपल्या पंगतीतही वाढप पुरे झाल्यावर यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तेच हे. फ्रेंचांच्या या समारंभी भोजनास युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले, ते एकत्र बसून खाण्याच्या आनंदाबद्दल. केवळ काट्यांबद्दल नव्हे.

त्या मुलास मी एवढेच सांगितले : यजमान कसा जेवतो ते पाहा, त्याच्याआधी घास घेऊ नको, चालत नसेल ते हात जोडून नाकार. काटा दोन दिवसांत वळेल. पंगतीची रीत तर तू घरूनच शिकून निघाला आहेस.