ग्रंथालयाचा कायदा आणि आपली वस्ती



चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घराघरांत लेकरांना तोंडपाठ आहे. पुस्तकाच्या कपाटाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. तो इथं थोडक्यात मांडतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्या यादीत वाचनालयाचं नाव नव्हतं. परमपूज्य बाबासाहेबांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयंही होती. आपल्या उमरीला तर तो ठरावसुद्धा लागू नव्हता, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो.

ग्रंथालयाचा वेगळा कायदा देशात पहिल्यांदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मद्रास प्रांतानं केला. त्यामागं डॉ. रंगनाथन यांचे कष्ट होते. मद्रासनं घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. म्हणजे काय, तर ग्रंथालय हे दानशूर माणसाच्या मर्जीवर नाही, सगळ्यांच्या पैशावर उभं राहावं. १९५५ साली हैदराबाद राज्यानंही कायदा केला. तेव्हा नांदेड जिल्हा त्याच राज्यात होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात गेलं, बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात, आणि मराठवाडा मुंबई राज्यात. आता गंमत बघा. आंध्रानं १९६० साली आणि म्हैसूरनं १९६५ साली कायदा केला, आणि दोघांनीही ग्रंथालय कर ठेवला. महाराष्ट्रानं १९६७ साली कायदा केला, तो १ मे १९६८ पासून अमलात आला. पण त्यात कर नाही. सरकारनं दरवर्षी ग्रंथालय निधीत निदान २५ लाख रुपये घालायचे आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान द्यायचं, असा हा मार्ग.

मार्ग वाईट नाही. या कायद्यामुळं खेड्यापाड्यांत वाचनालयं टिकली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. मान्य खर्चाच्या ९० टक्के अनुदान मिळतं, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. उरलेले १० टक्के संस्थेनं उभे करायचे. परंतु अट अशी की आधी संस्था नोंदवा, जागा दाखवा, पुस्तकं घ्या, सभासद करा, आणि मग मान्यता मागा. ज्याच्याकडं वाडा आहे, देणगीदार आहे, कागदपत्रं करणारा वकील आहे, त्याला हे सोपं. रोजंदारीवाल्या वस्तीनं काय करावं? कायद्यात जात लिहिलेली नाही हे खरं, पण पहिल्या पायरीची उंची सगळ्यांना सारखी नाही. मी स्वतः तरुणपणी एका वाचनालयात गेलो, तेव्हा ओळखीच्या प्रतिष्ठित माणसाची सही आणा म्हणाले. मिल कामगाराची सही त्यांना चालत नव्हती.

२०१२ साली सरकारनं सगळ्या वाचनालयांची पडताळणी केली. काही ठिकाणी कागदावरच वाचनालयं सापडली. पण त्यानंतर कित्येक वर्षं नव्या मान्यताच थांबल्या. खोटं काही जणांनी केलं, आणि दार बंद झालं ते उशिरा येणाऱ्यांना. उशिरा येणारे म्हणजे बहुतेक आपणच. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, पण ती आधी मान्यता असलेल्यांनाच. सरकार उत्कृष्ट ग्रंथालयाला जो पुरस्कार देतं, त्याला नाव बाबासाहेबांचं आहे. नाव आपलं आणि कपाट दुसऱ्याचं, असं किती दिवस चालायचं?

तेव्हा दोन कामं करू. एक, गावात जे अनुदानित वाचनालय असेल त्याचे सभासद व्हा. ते पैसे सरकारचे, म्हणजे आपलेही आहेत. तिथला पेपर वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. वार्षिक सभेला बसा, हिशेब विचारा, आपल्या लेकरांना लागणाऱ्या पुस्तकांची यादी द्या. दुसरं, विहारातल्या पुस्तकांची दाखल नोंदवही आजपासून ठेवा, देवघेवीची तारीख लिहा, आणि दार सर्व जातिधर्मांच्या वाचकांना उघडं ठेवा. मान्यता मागायची वेळ येईल तेव्हा हीच वही पुरावा म्हणून पुढं करता येईल.

बोले यांचा ठराव झाल्यावरही महाडचं पाणी चार वर्षं मिळालं नव्हतं. १९२७ साली माणसं चालत गेली, तेव्हा मिळालं. ग्रंथालयाच्या कायद्याचंही तसंच आहे.